नाव जाहीर होतं तेव्हा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सांस्कृतिक समितीच्या ताईंनी मला आधीच बजावलं होतं, "काका, यंदा बँकेवर बोलायचं नाही. व्याजदर नको, नॉमिनेशन नको. पोरांना आवडेल असं काहीतरी बोला." म्हणून सिनेमावर बोलतो. पण बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, फिरून फिरून तारणावर येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

विषय साधा आहे. सिनेमा अजून तयार नसतो. आपण एक फ्रेमही पाहिलेली नसते. पेपरात फक्त एवढंच येतं की अमुक भूमिका अमुक नट करणार. तेवढ्या एका ओळीवर गावात चर्चा सुरू होते. पारावर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर. हे असं का होतं?

माझ्या मते नाव म्हणजे तारण. कर्ज मागायला आलेला माणूस आपल्याला ठाऊक नसतो, पण जामीनदार ओळखीचा निघाला की आपण निर्धास्त होतो. सिनेमाचंही तसंच आहे. गोष्ट कशी आहे हे कुणालाच माहीत नसतं. मग थिएटरवाला विचारतो, "कोण आहे त्यात?" आपणही तिकीट काढण्याआधी तेच विचारतो.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या सिनेमाला हे तारणच नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोकांनी नाव विचारलं नाही, चित्र हलतं हेच पुष्कळ होतं. नटाच्या नावावर गर्दी हा प्रकार नंतरचा.

दुसरं उदाहरण 'संत तुकाराम'चं, १९३६ सालचं, प्रभातचं. आपल्या नातेपुत्यात दर आषाढीला माऊलींची पालखी मुक्कामाला असते, त्यामुळे संत कसे असावेत याबद्दल आपली मतं पक्की. तुकोबांच्या भूमिकेला घेतले विष्णुपंत पागनीस, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. आज अशी बातमी आली तर मोबाइलवर किती गदारोळ होईल विचार करा. पण चित्रपट मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि कित्येकांच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणजे पागनीसांचा चेहरा असं होऊन बसलं.

'श्यामची आई'चंही तसंच. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी श्यामच्या आईसाठी वनमालाबाईंना घेतलं. त्या 'सिकंदर'सारख्या हिंदी चित्रपटाच्या नायिका. आणि श्याम झाला माधव वझे हा लहान मुलगा. पुढे राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. सांगायचं एवढंच, की नाव ऐकल्यावर आपण जे ठरवतो ते बऱ्याच वेळा चुकतं.

उलटही होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका अक्षयकुमार करणार असं मोठ्या थाटात जाहीर झालं. महाराजांची भूमिका म्हटल्यावर प्रत्येक मराठी माणूस परीक्षक होतो, आणि त्यात गैर काही नाही. चर्चा भरपूर झाली. पहिल्या झलकेत झुंबरात विजेचे दिवे दिसले म्हणून थट्टाही झाली. चित्रपट २०२३ च्या दिवाळीला येणार होता, पण ती दिवाळी चित्रपटाशिवायच गेली. आम्ही बँकेत म्हणायचो, मंजुरीपत्र हातात आलं म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. आणि चर्चा झाली म्हणजे माणसं थिएटरात आली असंही नाही. कुतूहल वेगळं, विश्वास वेगळा.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येतो. 'सैराट'.

दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. नायक आकाश ठोसर, पहिलवान गडी. आणि नायिका रिंकू राजगुरू, आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या अकलूजची शाळकरी मुलगी. या दोघांचं नाव आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे तारण शून्य. 'फँड्री'मुळे दिग्दर्शकाचं नाव होतं, अजय-अतुलची गाणी होती, पण पडद्यावरचे चेहरे कोरे.

मग २८ मार्च २०१६ ला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि त्यात रिंकूचा विशेष उल्लेख झाला. चित्रपट लागायला अजून महिना होता. तो महिना मला आठवतो. आपल्या कट्ट्यावर सिनेमाबद्दल कोणी बोलतच नव्हतं. बोलणं सगळं "अकलूजची पोरगी हाय" एवढंच. कुणाच्या मेहुण्याच्या शेजारी राहते, कुणाच्या भाचीच्या शाळेत आहे. २९ एप्रिलला चित्रपट लागला आणि जी माणसं वर्षानुवर्षं थिएटरची पायरी चढली नव्हती ती जीप करून गेली. आमच्या घरातून आम्ही सात जण गेलो. सौभाग्यवतींना सिनेमात डोकं दुखतं, त्यासुद्धा आल्या. मराठीत शंभर कोटींची भाषा पहिल्यांदा ऐकू आली ती या चित्रपटामुळे.

दोन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, त्याच गोष्टीवर हिंदीत 'धडक' आला. तिथे नाव आधी आलं, श्रीदेवीची मुलगी जान्हवी. देशभर त्याचीच बातमी. आपल्याकडची माणसं मात्र म्हणाली, "आर्ची म्हंजे रिंकूच." एकाच गोष्टीत एका ठिकाणी नावाने सिनेमा ओढला, दुसऱ्या ठिकाणी सिनेमाने नाव मोठं केलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण मला आज जे सांगायचं आहे ते पुढे आहे.

त्याच उन्हाळ्यात आपल्या भागातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. मी निवृत्त असलो तरी बँकेचे फॉर्म भरून घ्यायला माणसं येतात. त्यांना मुदत ठेव मुदतीआधी मोडायची होती. साठ हजारांची. मी व्याज किती कमी मिळेल ते समजावलं. ते म्हणाले, "काका, व्याजाचं जाऊ द्या. पोरीची पिक्चरमध्ये निवड झालीय." जवळच्या एका शहरात कुणीतरी हॉल भाड्याने घेऊन ऑडिशन घेतली होती. आता फोटो, कार्ड आणि ट्रेनिंगचे पैसे भरायचे होते. मुलगी सोबत होती, चौदा-पंधरा वर्षांची. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि मी काय केलं? फॉर्म भरून दिला. अभिनंदन केलं. घरातून पेढा आणून तिच्या हातावर ठेवला.

आयुष्यभर समोरच्याला "पैसे कशासाठी? कागद दाखवा" असं विचारलेला मी माणूस. त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाही. कारण मीही सात माणसं घेऊन 'सैराट' पाहून आलो होतो. अकलूजची मुलगी होऊ शकते, तर आपली का नाही, हे मलाही वाटत होतं.

पैसे भरले आणि महिनाभरात फोन बंद झाले. हॉलवाल्याकडे पत्ता नव्हता. वडिलांनी तक्रारही केली नाही, लोक हसतील म्हणून. मुलीने शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचणं सोडलं. ती आता नोकरी करते, संसारात आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, पैशाचं एवढं नाही वाटलं. आधीच सगळ्यांना सांगून बसले होते, त्याचं वाटलं." हे इथे सांगायची परवानगी तिनेच दिली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर.

तिचं ते वाक्य ऐकलं आणि मला हा विषय खरा समजला. जाहीर झालेल्या नावाची ताकद मोठ्या चित्रपटाला जशी उपयोगी पडते, तशीच ती फसवणाऱ्यालाही उपयोगी पडते. त्याने पोरीला पिक्चर विकला नाही, त्याने 'निवड झाली' ही बातमी विकली. साठ हजारांना.

म्हणून आई-वडिलांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. पहिली, ज्याला काम मिळतं त्याला पैसे मिळतात, तो पैसे भरत नाही. निवड झाल्यावर पैसे मागितले की समजा निवड तुमच्या मुलाची नाही, तुमच्या पासबुकाची झाली आहे. दुसरी, मोबाइलवरून पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. उशीर झाला की पैसा हाती लागत नाही. तिसरी, ठेव मोडण्याआधी माझ्याकडे या. तळमजल्यावरच राहतो. चहा मिळेल, आणि या वेळी मी प्रश्न विचारीन.

आणि मुलांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. नाचा, नाटकात काम करा, गॅदरिंग सोडू नका. रिंकू आपल्याच मातीतली आहे आणि ती खरी आहे. फक्त नाव जाहीर व्हायची घाई करू नका. आधी काम दिसू द्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीचंही आधी नुसतं नावच जाहीर झालं होतं. इथे मोकळं रान होतं. लोक हसायचे. आज लाइट आहे, पाणी आहे, आणि पुढे ही तुम्ही पोरं बसला आहात. नाव खरं करायला पंचवीस वर्षं लागली.