देवाच्या नांवानें राखलेलें रान



भोर तालुक्याच्या पूर्व अंगास भोंगवलीचा मुलूख आहे. तेथून मावळतीकडे निघालें म्हणजे उघडे माळ मागें पडतात, पाऊस वाढत जातो, आणि वेल्ह्याच्या डोंगरांत शिरल्यावर एखाद्या बोडक्या टेकडीच्या कुशींत एकाएकीं काळोखा झाडोरा दिसतो. तीच देवराई. कडेला करवंदीच्या जाळ्या. आंत आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबीची जाड वेल. मधोमध शेंदूर फासलेला तांदळा. त्यावर छप्परही नसावयाचें.

या राईंतील काडीही घरीं नेऊं नये, असा कांहीं गांवांचा नेम. कांहीं ठिकाणीं वाळलेलें लांकूड गांवच्या कार्यास घेण्याची मोकळीक, तीही देवास कौल लावून. पहारेकरी नाहीं, कुंपण नाहीं. सुशिक्षितांनीं या श्रद्धेस भोळेपणा म्हणून हिणवलें. पण भोंवतालचे डोंगर उघडे पडले तेव्हां हाच भोळेपणा टिकला.

पानशेतचें उदाहरण घ्या. तें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, एवढेंच शहरी घरांतून आठवतें. परंतु धरणाच्या निमित्तानें त्या खोऱ्यांत रस्ता गेला, रस्त्यामागून कोळशाचे व्यापारी गेले, आणि उठविलेल्या शेतकऱ्यांनीं डोंगरावरील झाडें मिळेल त्या भावानें विकलीं. उपाशी माणसास दोष कोण देणार? तरीही त्यांनीं देवराया विकल्या नाहींत.

माधव गाडगीळ व डॉ. वर्तक हे दोघे १९७० नंतर अशा राया पाहत हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवची राई तोडली जाणार अशी वार्ता येतांच गांवकऱ्यांनीं त्यांस गांठलें. राई गेली कीं तींतून निघणारा ओहोळ आटेल, ही त्यांची मुख्य काळजी. शास्त्रज्ञांनीं रदबदली केली व तोड थांबली. गांवकऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता: पाचोळ्याचा थर पावसाचें पाणी धरून ठेवतो व उन्हाळ्यापर्यंत थोडें थोडें सोडतो.

पांखरांचीही गोष्ट तशीच. धनेशाची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलींत शिरून ढोलीचें तोंड लिंपून घेते. नर फटींतून तिला फळें भरवितो. अशी ढोली दहा-वीस वर्षांच्या झाडास पडत नाहीं. सरकारनें उद्यां लाख रोपें लावलीं, तरी धनेशास तीं निरुपयोगीच.

आज भय आहे तें भक्तांकडूनच. तांदळ्यावर सिमेंटचें देऊळ हवें, देवळाला खर्च हवा, खर्चासाठीं झाडें हवींत! देवासाठीं राखलेलें रान देवाच्याच घरासाठीं तोडावयाचें, हा न्याय विलक्षण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनहक्क असलेल्या गांवाच्या ग्रामसभेस जंगल व वन्य प्राणी राखण्याचा अधिकार दिला आहे. मात्र डोंगरांतील कित्येक तरुण पुण्यास चाकरीला असतात; सभेस येणार कोण? पण जत्रेला ते येतात, वर्गणीही आणतात. तेव्हां सभा जत्रेच्याच दिवशीं भरवावी, आणि ती वर्गणी मंडपावर खर्चावयाची कीं राईभोंवतीं जाळरेषा काढण्यावर, हा पहिला प्रश्न तेथें मांडावा.