भाड्याची खोली आणि मुका सोबती

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरांच्या प्रश्नाची चर्चा निघाली की छप्पर, पाणी, वीज आणि भाडे यांविषयी बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु त्या छपराखाली माणसाने कोणाच्या सोबतीने राहावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भाडेकरूने कुत्रे किंवा मांजर पाळावे की नाही, ही बाब वरकरणी किरकोळ, किंबहुना चैनीची वाटते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील भाडेकरूंचे जीवन जवळून पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही.

शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. शिक्रापूर-सणसवाडीच्या पट्ट्यात कारखाने आले. दौंड हे जुने रेल्वे जंक्शन, आणि त्याच्या जवळच कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार येथे दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. नोकरी कंत्राटी, काम पाळ्यांचे, कुटुंब गावाकडे. शेजारी कोण आहे हे कळेपर्यंत तो शेजारी दुसरीकडे गेलेला असतो. रात्रपाळी करून परतणाऱ्या अशा माणसाची वाट पाहणारा एकच जीव पुष्कळदा असतो, तो म्हणजे भाकरीच्या तुकड्याने लळा लागलेले एखादे कुत्रे. मुले पुण्या-मुंबईस गेल्यावर मागे राहिलेल्या वृद्धेला मांजराची सोबत असते. प्राणी म्हणजे औषध नव्हे, आणि मनाच्या आजारावर उपचाराची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु दिवसाला आकार देणारे, उठायला आणि घरी परतायला कारण देणारे असे काही माणसाला लागते. ते त्याच्यापाशी असेल तर हिरावून घेऊ नये.

नेमके तेच हिरावले जाते. ‘कुत्रे काढा, नाहीतर खोली रिकामी करा’, एवढे एक वाक्य पुरते. कामगार खोली सोडू शकत नाही, म्हणून प्राणी रस्त्यावर जातो. येथे कायद्याचा एकांगीपणा उघड होतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, वाजवी कारणावाचून प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा आहे. म्हणजे टाकून देणारा भाडेकरू दोषी ठरू शकतो. त्याच्यावर ती पाळी आणणाऱ्याबद्दल कायदा मौन पाळतो.

संरक्षण मुळीच नाही असे नव्हे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ मध्ये, गृहसंस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघांचे असे बंदीचे नियम बेकायदेशीर ठरविले. परंतु हे सारे प्रामुख्याने फ्लॅटच्या मालकांच्या कामाचे आहे. रांजणगावच्या खोल्यांच्या रांगेला ना सोसायटी, ना उपविधी. तेथे मालकाचा शब्द हाच उपविधी होय. ‘भावनिक आधार देणारा प्राणी’ असा स्वतंत्र कायदेशीर वर्ग तर भारतात नाहीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केला, पण त्याचा आधार घेऊन खोलीच्या मालकापुढे उभे राहणे कंत्राटी कामगाराला कितपत शक्य आहे?

अमेरिकेने ही वाट पूर्वीच धरली. तेथील न्याय्य गृहनिवास कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग भाडेकरूंसाठी नियमांत वाजवी सवलत देणे घरमालकांवर बंधनकारक झाले, आणि आधारासाठी बाळगलेला प्राणी त्या सवलतीत येऊ लागला. तत्त्व चांगले होते. परंतु त्यामागोमाग पैसे घेऊन प्रमाणपत्रे विकणाऱ्यांचा बाजारही उभा राहिला. आपल्याकडे उद्या केवळ प्रमाणपत्राची तरतूद झाली, तर ते पुण्यातील सुखवस्तू भाडेकरूला तत्काळ मिळेल. कुरकुंभच्या कामगाराची मात्र मानसोपचारतज्ज्ञाच्या दारापर्यंत जाण्यातच एका दिवसाची मजुरी बुडेल.

म्हणून प्रश्नाचे मूळ प्राण्यात नसून भाडेकरूच्या अस्थिरतेत आहे. अकरा महिन्यांचा करार संपला की मालकाला कारण सांगावे लागत नाही. आणि ज्याला कारण सांगावे लागत नाही, त्याच्यापुढे कोणताही हक्क पोकळ ठरतो. डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असले म्हणजे काय होते, हे रेल्वे कामगारांना सांगावे लागत नाही. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आले होते. तेथे मालक सरकार होते आणि कारण संप होते. खोलीत मालक वेगळा आणि कारण कुत्र्याचे, एवढाच फरक.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. येथील खोल्यांचा मालक बहुधा बडा भांडवलदार नसतो. पुष्कळदा तो शेतकरी असतो. जमीन वसाहतीत गेली, मोबदल्यातून त्याने चार खोल्या बांधल्या. त्याला घाणीची, भिंती-दारांच्या नुकसानीची चिंता वाटते. शेजारच्या आईला लहान मुलाची काळजी वाटते, आणि ती अनाठायी नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी क्वचितच वाचतो. रात्रपाळीहून आलेल्याला दिवसा झोप हवी असते. या तक्रारींना उत्तर आहे, ते म्हणजे जबाबदारी: लस, साखळी, स्वच्छता आणि नुकसान झाल्यास भरपाई. सरसकट बंदी हे उत्तर नव्हे. बंदीने लस टोचलेले एक कुत्रे कमी होते आणि रस्त्यावर बेवारस एक वाढते.

कार्यकर्त्यांनी यासाठी काय करावे? प्रथम, लेखी व नोंदणीकृत कराराचा आग्रह धरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही गोष्ट किती भाडेकरूंना ठाऊक आहे? दुसरे, करारात प्राण्याविषयीचे कलम बंदीचे नसावे, जबाबदारीचे असावे, यासाठी मालकांशी भांडण न मांडता बोलणी करावी. तिसरे, भाडेकरूंच्या वस्त्यांतच लसीकरणाची व निर्बीजीकरणाची शिबिरे व्हावीत म्हणून ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि पशुसंवर्धन खाते यांच्यामागे लागावे. चौथे, एकाकी कामगारापर्यंत माणसांचीही सोबत पोहोचवावी. शासनाची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे, तो क्रमांक प्रत्येक वसाहतीच्या फाटकावर लागावा.

धर्मराजाने कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकण्यास नकार दिला, ही कथा गावोगाव सांगितली जाते. धर्मराजाला तो नकार देता आला. दौंडच्या भाडेकरूला देता येत नाही, कारण दारातून परत फिरल्यावर त्याला जायला दुसरी जागा नाही. ती जागा, आणि तिच्यातून कोणी कारणावाचून हुसकावणार नाही ही हमी, त्याला मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे. ते झाले म्हणजे त्या जागेत कोणाची सोबत असावी हे तो स्वतः ठरवील.