टीव्हीचा आवाज, जुन्या सिस्टिमवर



मागच्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो होतो. नवा 43 इंची टीव्ही, चित्र झकास, पण मालिकेतली माणसं काय बोलतात ते कळत नाही, ही तक्रार. "मागचं संगीत तेवढं दणदणीत ऐकू येतं हो. कान तपासून आले, कानांत काही दोष नाही," बाई म्हणाल्या.

दोष कानांत नव्हताच. जुना डबा-टीव्ही हातभर खोल असायचा आणि त्याचा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून बोलायचा. आताचा टीव्ही दोन-तीन बोटं जाड. स्पीकर बसवायचा कुठे? म्हणून तो खालच्या बाजूला किंवा पाठीमागे लावतात. म्हणजे निवेदक बातम्या सांगतो भिंतीला, आणि आपण ऐकतो भिंतीकडून.

त्याच टीव्हीशेजारी शोकेसमध्ये क्रोशाचा रुमाल पांघरून एक म्युझिक सिस्टिम बसली होती. नव्वदच्या दशकातली, कॅसेटचे दोन कप्पे, दोन भरभक्कम लाकडी स्पीकर. दिवाळीच्या पहाटे एकदा लागायची, बस्स. बाई नवा साउंडबार घ्यायला निघाल्या होत्या. म्हटलं, थांबा, आधी हिला विचारून बघू.

तुमच्याही घरी अशी सिस्टिम असेल तर सुरुवात टीव्हीपासून नको, सिस्टिमच्या पाठीपासून करा. टॉर्च घ्या आणि लाल-पांढऱ्या गोल भोकांची जोडी शोधा. वर 'ऑक्स', 'लाइन इन' किंवा 'व्हिडिओ' असं काही लिहिलेलं असेल. तीच आपली जागा. शेजारी 'फोनो' लिहिलेली तशीच जोडी असली तर तिच्या वाटेला जाऊ नका. ती रेकॉर्ड प्लेअरची. तबकडीच्या सुईकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, म्हणून तिथे तो कितीतरी पटींनी वाढवतात. टीव्हीकडून येतो तो व्होल्टाच्या घरातला. तो तिथे घातलात तर फाटका, बसका आवाज येतो आणि लोकांना वाटतं सिस्टिम गेली.

आता टीव्हीची पाठ. इथे हमखास एक घोटाळा होतो. टीव्हीलाही लाल-पांढरी-पिवळी भोकं दिसतात, माणूस खूश होऊन वायर लावतो, आणि आवाज काही येत नाही. कारण ती बहुधा 'एव्ही इन' असतात, बाहेरचा आवाज आत घेणारी. आपल्याला हवं 'आउट'. ते सापडण्याच्या जागा तीन: हेडफोनचं भोक, ऑप्टिकल, आणि 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय.

एआरसीचं आधी उरकतो. एचडीएमआयची हीच वायर आवाज उलटा, टीव्हीकडून बाहेर नेते. ही सोय 2009 सालच्या 1.4 आवृत्तीत आली. साउंडबार किंवा नवा रिसीव्हर असेल तर दुसरा विचारच करू नका, हीच जोडणी. फक्त वायर एआरसी लिहिलेल्याच भोकात घाला, शेजारच्या एचडीएमआयमध्ये चालत नाही. आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू करा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनं साउंडबारचा आवाज बदलतो. कंपन्यांनी या सीईसीची बारशी वेगवेगळी केली आहेत: सॅमसंगमध्ये 'एनिनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. काम एकच.

बाईंच्या सिस्टिमला एचडीएमआय कुठून असणार? राहिले दोन रस्ते. मी बाईंना विचारलं, "घरात आवाज कमी-जास्त कोण करतं?" म्हणाल्या, "मीच. पण एका हातात सेट-टॉप बॉक्सचा रिमोट, दुसऱ्या हातात टीव्हीचा. तिसरा काही मला झेपायचा नाही." माझ्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला.

कारण ऑप्टिकलमधून आवाज निघतो तो सहसा एकाच पातळीचा. कमी-जास्त करायचा तर सिस्टिमपाशी उठून जा किंवा तिचा रिमोट शोधा. नव्वदच्या दशकातला रिमोट कुणाच्या घरी सापडतो? हेडफोनच्या भोकाचं तसं नाही. बहुतेक टीव्हींत तिथला आवाज टीव्हीच्याच रिमोटनं बदलतो. शौकीन मंडळी या भोकाला नाक मुरडतात, आणि बारकाईनं ऐकलं तर ऑप्टिकल थोडं सरस असतंही. पण मालिका आणि बातम्यांसाठी तो फरक शोधायला बसावं लागेल.

दुकानात सांगायचं, एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी वायर द्या. शे-दोनशेत मिळते. आधी टीव्हीचा आवाज पाऊण भरा, मग सिस्टिमचं बटण फिरवून घराला सोसेल इतका आवाज ठेवा, आणि त्या बटणाला पुन्हा हात लावू नका. उलट केलंत, म्हणजे टीव्ही हळू आणि सिस्टिम फुल, तर मागे सूं-सूं ऐकू येते.

हेडफोनचं भोकच नसेल, तर मात्र ऑप्टिकल. जुन्या सिस्टिमला ते कळावं म्हणून मध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक कन्व्हर्टर लागतो, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडा. डॉल्बीवर राहिलं तर साधा कन्व्हर्टर गप्प बसतो किंवा खरखरतो. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना नखाएवढी प्लास्टिकची पारदर्शक टोपणं असतात, ती काढा. हे सांगायचं कारण, मी स्वतः एकदा ती न काढता अर्धा तास एका बिचाऱ्या कन्व्हर्टरला शिव्या दिल्या आहेत. टोपण काढल्यावर टोकाशी लाल उजेड दिसला की समजा, टीव्ही आवाज पाठवतोय.

ऑप्टिकलचा एक मोठा गुण म्हणजे त्यातून जातो तो उजेड, वीज नाही. वायर जोडल्यावर स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' असा घुमारा येत असेल, तर तो आपल्या पन्नास सायकलच्या विजेचा. बऱ्याचदा तो केबलच्या किंवा डिशच्या गोल वायरीतून शिरतो. ती सेट-टॉप बॉक्सपासून क्षणभर सोडवून बघा. घुमारा थांबला तर चोर सापडला. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावून बघा, नाहीच भागलं तर ऑप्टिकल घ्या. पण कुणी सांगितलं म्हणून प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकू नका. ती अर्थिंगची पिन, तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

"ब्लूटूथ का नको?" बाईंच्या नातवानं विचारलं. गाण्यांना चालेल, म्हटलं. पण ब्लूटूथमध्ये आवाज बांधून पाठवायचा आणि पलीकडे सोडवायचा, यात बऱ्याचदा सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. तेवढ्यानं क्रिकेटमध्ये चेंडू बॅटवरून निघून गेल्यावर 'टक' ऐकू येतो. मालिकेत ओठ मिटतात आणि मग शब्द येतात. अशा वेळी टीव्हीचं सेटिंगही सहसा कामाला येत नाही, कारण त्यात आवाज मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही.

वायर लागली, आवाज आला, तरी बाई म्हणाल्या, "बोलणारा माणूस कुठे आहे तेच कळत नाही." स्पीकर शोकेसच्या काचेमागून काढून टीव्हीच्या दोन्ही अंगांना ठेवले, तरी तेच. मग स्पीकरमागच्या वायरी पाहिल्या. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी. कधीतरी रंगकामाच्या वेळी काढून घाईत लावलेली. असं झालं की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, खर्ज गळतो आणि बोलणं खोलीभर पांगतं. सिस्टिम बंद करून वायर सुलटी केली आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचा आवाज बरोबर पडद्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. बाईंनी टीव्हीच्या रिमोटनं तो दोन घरं कमी केला, पुन्हा वाढवला.

सिस्टिम चालू-बंद करायला बाईंना उठावं लागतं, तेवढं राहिलं. आणि तो क्रोशाचा रुमाल मी निघताना घडी करून बाजूला ठेवला होता. अॅम्प्लिफायर तापतो, वरच्या फटी उघड्या हव्यात. परवा पुन्हा गेलो, तर सिस्टिमच्या फटी उघड्या होत्या, आणि रुमाल कन्व्हर्टरसारख्या दिसणाऱ्या कसल्याशा डबीवर होता. वायफायचा राउटर निघाला तो.