समुद्राची ऊब आणि बेटावरची तहान

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



ऊर्जेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा मेगावॅटच्या आकड्यांनी सुरू होते आणि त्याच आकड्यांत संपते. ही वीज कोणासाठी, असे विचारणारा विकासाचा वैरी ठरतो. तो आळ पत्करूनच मी आज समुद्राच्या उष्णतेविषयी बोलणार आहे.

तत्त्व साधे आहे. उष्ण कटिबंधात समुद्राचा पृष्ठभाग २६ ते २८ अंश सेल्सिअस असतो. हजार मीटर खाली तेच पाणी पाचेक अंशांचे. वरच्या उबेने अमोनियासारख्या लवकर उकळणाऱ्या द्रवाची वाफ करावयाची, तिच्यावर टर्बाइन फिरवावयाचे, आणि खालच्या गार पाण्याने ती वाफ पुन्हा थिजवावयाची. फ्रान्समधील दार्सोंव्हाल यांनी ही कल्पना १८८१ साली मांडली. पुढे जॉर्ज क्लोद यांनी १९३० साली क्यूबाच्या किनाऱ्यावर २२ किलोवॅट वीज काढली खरी. यंत्रणा चालविण्यास त्याहून अधिक लागली! इतक्या अल्प तापमानभेदात उष्णतेचा शंभरातला दोन-तीन भागच हाती येतो. शिवाय खोल पाणी किनाऱ्याजवळ हवे. मुंबईसमोर समुद्र कित्येक मैल उथळच आहे. तेव्हा आपण कोकणवाल्यांनी उगाच हुरळून जाऊ नये.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने 'सागरशक्ती' या तराफ्यावर तुतिकोरिनजवळ एक मेगावॅटचा प्रयोग योजिला होता. गार पाण्याची लांब नळी समुद्रात बसविता आली नाही आणि तो प्रयोग फसला. सार्वजनिक पैसा बुडाला, अशी ओरड करणे सोपे आहे. पण त्याच संस्थेने २००५ साली लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे काय केले, हे ओरडणारे सांगत नाहीत. प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर. उपसा वाढला की विहीर खारट. तेथे सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरचे गार पाणी वर आणले, हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत पृष्ठभागाच्या कोमट पाण्याची वाफ केली आणि गार पाण्याने ती थिजविली. रोज एक लाख लिटर गोडे पाणी! २०११ साली मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे संच बसले.

उणीव होती ती पंपांची. त्यांना लागणारी वीज डिझेलवर, आणि डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने यावयाचे. म्हणून समुद्राच्या उष्णतेवरच चालणारा ६५ किलोवॅटचा संच कवरत्तीसाठी संस्थेने हाती घेतला. नफ्याच्या हिशेबात ६५ किलोवॅट म्हणजे काहीच नव्हे. कोणताही भांडवलदार त्यासाठी खोल समुद्रात नळी सोडणार नाही; हे काम सरकारी संस्थेनेच करावयाचे.

मात्र जनतेच्या पैशाने ज्ञान सिद्ध झाले की गिऱ्हाइके जमतात. २०२१ साली विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध द्वीपवासी उभे राहिले, ते आपल्या जमिनीचे काय होणार या भीतीने. उद्या पर्यटकांची निवासस्थाने वाढली तर हे पाणी कोणाकडे वळेल? त्यावर पहिला हक्क गावच्या नळाचा, हे द्वीपवासीयांच्या संमतीने लेखी ठरले पाहिजे, आणि तेही निविदा निघण्यापूर्वी.