ढकलले, रेटले, लोटले

इंग्रजीत ‘पुश’ आणि ‘शव्ह’ असे दोन शब्द आहेत. शाळेतल्या शब्दकोशात दोन्हींपुढे ‘ढकलणे’ हाच अर्थ सापडतो. पण काचेच्या दारावर ‘पुश’ लिहितात, ‘शव्ह’ कोणी लिहीत नाही. बाळंतिणीलाही तिथली सुईण ‘पुश’च म्हणते. त्यात नुसता जोर आहे. ‘शव्ह’मध्ये धसमुसळेपणा आहे, समोरच्याची पर्वा नाही. ‘पुश’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. नाडीला म्हणतात तो ‘पल्स’ त्याचाच भाऊबंद. ‘शव्ह’ अस्सल जुन्या इंग्रजीतला, आणि फावड्याचा ‘शव्हल’ त्याच्या नात्यातला. फावडे कुठे बघते माती कुठे पडली ते!

एका इंग्रजी कवितेचा अनुवाद करताना मी या ‘शव्ह’पाशी अडलो. गर्दीत म्हातारी पडते, एवढाच प्रसंग. मराठीत शब्दांना तोटा नाही. ‘रेटणे’ म्हटले की मला खासबागेतली कुस्ती दिसते. अंगाचा सगळा भार घालून पैलवान रेटतो, आणि समोरचाही रेटत असतो. म्हातारीला कोण रेटणार? ‘ढकलणे’ हातांचे, एका दमाचे. पण परीक्षा पुढे ढकलून आणि पोरे ढकलपास करून आपण तो शब्द गुळगुळीत केला.

राहिला ‘लोटणे’. मोठा चमत्कारिक शब्द. ‘जाताना दार लोटून घे,’ इतका मऊ, आणि कडेलोटही त्याचाच. दिवस लोटतात, पंचगंगेला पुराचे लोट येतात, यात्रेला गर्दी लोटते. करणारा कुठेच नाही.

हेच मला खटकते. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवला यात्रेत चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद, पुढे दुकानांना आगी लागल्या. अडीचशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी ‘गर्दी लोटली’ म्हटले की गर्दी म्हणजे पूरच ठरतो. वाट अरुंद कोणी ठेवली, हे विचारायचे राहून जाते. आमच्या कोल्हापुरात मोहरमला पंजांच्या भेटी होतात तेव्हाही खांद्याला खांदा घासतो. तिथे ‘धक्का लागला’ म्हणतात, आणि ते खरेच असते. ‘धक्का दिला’ म्हटले की भांडण. एका क्रियापदाचा फरक!

म्हातारीच्या ओळीत मी शेवटी ‘लोटून दिले’ असे लिहिले. ‘देणे’ आले की देणारा शोधावा लागतो.