पहिले रक्त, मग गोळी

(नागपूर येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरात आपल्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)





कालपासून दावे, पट्टे, मोजणी यावर बोलणं चालू आहे. मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. काही जण म्हणतील, जमिनीच्या शिबिरात मलेरिया काहून आणला? तर सांगते. ज्याच्या घरी ताप आहे तो मोजणीच्या दिवशी शेतात उभा राहत नाही. आणि दवाखान्याची खोली जमिनीवरच बांधावी लागते. ती जमीन जंगलाची असली की अडवणूक होते. म्हणजे प्रश्न आपलाच आहे.

आज आपण नागपुरात बसलो आहो. इथं मेडिकल आहे, मेयो आहे. पण आपला माणूस इथं कधी येतो? बेशुद्ध पडल्यावर. एवढ्या दिवसांत त्याचा रोग टोल्यात फिरून आलेला असतो. साथ थांबवायची तर ती गावातच, पहिल्या तापालाच ओळखावी लागते.

मलेरिया कसा पसरते ते बघा. तापाच्या माणसाला डास चावतो. रोगाचा जंतू डासाच्या पोटात जातो, तिथं वाढायला त्याला दहा-बारा दिवस लागतात. मग तोच डास दुसऱ्याला चावतो. म्हणजे आपल्या हातात थोडे दिवस असतात. तेवढ्यात रोगी शोधून पूर्ण औषध दिलं तर साखळी तुटते. पण आपण काय करतो? किराणा दुकानातून एक-दोन गोळ्या आणतो. ताप उतरते, आपण कामावर जातो. जंतू रक्तात तसाच राहते. दुसरं असं की अर्धवट औषध घेतल्यावर रक्त तपासलं तर रोग दिसतही नाही कधी कधी. म्हणून पहिले रक्त, मग गोळी.

आशाताईकडे बोटातून एक थेंब रक्त घेऊन तपासायची पट्टी असते. पंधरा-वीस मिनिटांत कळते. मलेरिया दोन जातीचा सापडतो. फॅल्सिपेरम हा मेंदूवर जाणारा, त्याचं मुख्य औषध तीन दिवसांचं. दुसरा व्हायव्हॅक्स. तो लिव्हरमध्ये लपून बसतो आणि महिन्यांनी परत येतो. म्हणून त्याची एक गोळी 14 दिवस घ्यावी लागते. ती गरोदर बाईला आणि अगदी लहान लेकराला देत नाहीत. ती घेताना लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच नर्सबाईला सांगायचं.

कोणी म्हणेल, हे शिकलेल्यांचं काम आहे. तसं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 1988 पासून 58 गावांत लेकरांच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया यांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. बाजूच्या 44 गावांत हे काम नव्हतं. त्या गावांच्या तुलनेत न्यूमोनियानं मरणाऱ्या लेकरांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. 1990 साली हे बाहेरच्या देशातल्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. ज्यांना आकडे येत नाहीत त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं, एक मिनिटाची वाळूघडी आणि मणी. शाळा न शिकलेली दाई न्यूमोनिया ओळखू शकली.

हे आकडे प्रत्येक आईनं पाठ करावे. खोकला-सर्दी असलेलं लेकरू शांत असताना एक मिनिट पोटाकडे बघून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर 60, वर्षाच्या आतलं असेल तर 50, पाच वर्षांच्या आतलं असेल तर 40. तेवढे किंवा जास्त श्वास आले, नाही तर छाती आत ओढली जात असेल, तर थांबायचं नाही. रात्र असली तरी निघायचं.

पुजाऱ्याकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही. तो आपला माणूस आहे. पण त्यालाच विनंती करा, की पूजा करायच्या आधी रक्त देऊन ये म्हणून त्यानंच रोग्याला सांगावं. त्याचं सगळे ऐकतात.

आता नर्सबाईचं. आपण तिच्यावर रागावतो, बाई येत नाही म्हणतो. सरकारचा नियम सांगतो, आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र. आपले टोले दूरदूर, मध्ये नाला. लसीकरण तिचं, बाळंतपण तिचं, तापाची रक्तपट्टी तिची, रजिस्टरं तिची. राहायला खोली नसेल तर ती बाई पावसाळ्यात गावात थांबणार कशी?

आमच्या भागातल्या एका गावात उपकेंद्राची जागा ठरली, तर ‘ही फॉरेस्टची आहे’ म्हणून काम अडलं. गावाला वाटलं, विषय संपला. संपलेला नाही. वनहक्क कायदा 2006, कलम 3, पोटकलम 2 वाचा. दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता, शाळा अशा 13 कामांसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस. ही शिफारस आपल्या हातात आहे. त्यावाचून प्रस्ताव पुढे सरकत नाही आणि ती असली तर ‘फॉरेस्टची जागा’ एवढंच म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

परत गेल्यावर एवढं करा:

1. ग्रामसभेची एक तापवही ठेवा. तारीख, घर, वय, रक्त कधी दिलं, काय निघालं, गोळ्या पूर्ण झाल्या का. ती बारावीच्या पोरीकडे द्या, रोग्याचं नाव चावडीवर घेऊ नका.

2. एका टोल्यात आठ दिवसांत तीन-चार ताप दिसले की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला ग्रामसभेचं पत्र द्या. पोच घ्या.

3. फवारणी झाली की दोन-तीन महिने भिंती सारवू नका, औषध झाकलं जाते. मच्छरदाणी अंगावर घ्यायची आहे, मासे धरायला नाही. तेंदूच्या फळीवर जाताना सोबत न्या.

4. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, नागपूरला कामाला जाऊन आलेल्यांची तर आधी. टीबीचं औषध सहा महिने, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही.

5. उपकेंद्राच्या जागेचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या. बायांच्या सह्या, अंगठे आधी घ्या. लेकराचा ताप रात्रभर त्याच बघतात.

पट्टा मिळवायला आपण कागद जपले, पुरावे गोळा केले. तापाचेही पुरावे तसेच जपा. वही हातात घेऊन बोललं की साहेब ऐकते.

जोहार.