जंजिऱ्याची गादी आणि रयत



आपल्या डोलवीच्या दक्षिणेस, याच जिल्ह्यात, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या भागावर 1948 पर्यंत सिद्दी नवाबांचे राज्य होते. 15 ऑगस्ट 1947 रोजी शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातील रयत स्वतंत्र देशाची नागरिक झाली. जंजिऱ्याची रयत मात्र गादीची प्रजाच राहिली. गादीला आधार देणारे इंग्रजही गेले होते. नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, तरुण मोहन धारियांनी लोकसेना उभारली. जानेवारी 1948 च्या अखेरीस म्हसळा व श्रीवर्धन लोकांच्या हाती आले, नवाबांनी विलीनीकरण मान्य केले.

कोणी म्हणेल, मुसलमानांचे राज्य गेले. पालकहो, विचार करा. सांगली, औंध, भोर ही हिंदू राजांची संस्थानेही त्याच वर्षी विलीन झाली. लढा गादीशी होता, धर्माशी नव्हे. गादी गेली, पण मुरूड-म्हसळ्यात आपल्या लोकांची घरे व मशिदी आजही आहेत.

नवाबाकडे अर्ज करून मेहेरबानी मिळत असे; आज हक्क मिळतो. पण हक्क ओळखायला इल्म लागतो. म्हणून विनंती एकच : मुलाला आणि मुलीलाही शाळेतून मध्येच काढू नका.